पारचा दगडी पूल

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कोयना आणि सावित्री या दोन नद्यांची वाटचाल अगदी निराळी आहे. सावित्री सह्याद्रीची धार ओलांडून कोकणात उतरते आणि महाडवरून वाहत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कोयना धारेच्या अलीकडेच राहते. ती एका अरुंद, दाट झाडीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे वाहते, शिवसागर जलाशयात शिरते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराड येथे कृष्णेला मिळते. एकाच डोंगरमाथ्यावरचा पाऊस या दोन्ही नद्यांना पूर आणतो. हा पाऊस लहानसहान नव्हे. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर तेथे अवघ्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

कोयनेच्या या वरच्या खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार हे गाव वसलेले आहे. गावाजवळ नदीवर एक जुना दगडी पूल आहे. परंपरेने तो शिवकालीन म्हणून ओळखला जातो. घडीव काळ्या दगडांचे खांब, त्यांवर तोललेल्या कमानी आणि खाली खडकाळ पात्र, असे त्याचे रूप आहे. महाबळेश्वरला येणारे बहुसंख्य प्रवासी प्रतापगड पाहून परत फिरतात. गडाच्या रस्त्यावरून पारकडे फुटणारा फाटा त्यांच्या ध्यानात येत नाही. जे येतात ते पुलाचे छायाचित्र घेतात, श्रीरामवरदायिनीचे दर्शन घेतात आणि निघतात. पूल पाहावयाचा तो मात्र खाली पात्रात उतरूनच. वरून दिसतो तो केवळ रस्ता.

घाटवाटेवरील गाव

पारचे आजचे शांत स्वरूप पाहून या गावाच्या पूर्वीच्या महत्त्वाची कल्पना येत नाही. महाड हे पूर्वी सावित्रीच्या खाडीवरचे व्यापारी बंदर होते. तेथून देशावर चढणाऱ्या वाटांपैकी पारघाट ही एक प्रमुख वाट होय. कोकणातून घाट चढून आलेली वाहतूक पारला विसावत असे. पुढे महाबळेश्वरचे पठार चढण्यासाठी रडतोंडीचा घाट होता, आणि तेथून वाट वाईकडे उतरत असे. रडतोंडी या नावावरूनच त्या चढाची कल्पना यावी. दोन घाटांच्या मध्ये कोयना आडवी येते. पावसाळ्याचे चार महिने ती उतार देत नाही. वाट बारमाही चालवावयाची तर येथे पूल हवाच होता.

इ. स. १६५६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली आणि पारघाटावर नजर ठेवणाऱ्या डोंगरावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगडाची उभारणी झाली. १६५९ मध्ये वाईहून निघालेले अफझलखानाचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने उतरून याच खोऱ्यात कोयनेकाठी तळ देऊन राहिले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाखाली जे घडले ते प्रत्येक शालेय विद्यार्थ्यास ठाऊक आहे. गड, घाट आणि नदीवरची वाट या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार केल्यावाचून त्या घटनेचा भूगोल उलगडत नाही. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. प्रतापगड त्यांपैकी एक आहे. गडाला मिळालेल्या या मानामुळे पायथ्याच्या गावांकडे येणाऱ्यांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे.

पारघाटाचे दिवस एकोणिसाव्या शतकात सरले. मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांचे नाव दिलेला गाडीरस्ता आंबेनळी घाटातून निघाला आणि व्यापाराने जुनी वाट सोडली. एका दृष्टीने हे पुलाच्या पथ्यावर पडले, असे म्हणावयास हरकत नाही. हमरस्त्यावरील पुलांना रुंदीकरण, भराव आणि अवजड वाहतूक यांना तोंड द्यावे लागते. आडवाटेवरच्या या पुलाच्या वाट्याला ते फारसे आले नाही.

कमान का उभी राहते

दगड दाबाला बळकट, पण ताणाला दुबळा असतो. दोन खांबांवर लांब दगडी तुळई आडवी टाकली तर तिच्या खालच्या अंगाला ताण येतो व ती मध्यावर तडकते. कमानीत ही अडचण उरत नाही. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना खेटून बसविलेले असतात. वरचे ओझे जितके वाढेल तितके ते एकमेकांवर अधिक दाबले जातात. हा दाब दगडातून दगडात जात खांबांपर्यंत आणि दोन्ही काठांपर्यंत पोहोचतो. कमान बांधताना खाली लाकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागतो. माथ्यावरचा कळीचा दगड बसला, सांधे भरले, की सांगाडा काढून घेता येतो. त्या क्षणापासून कमान स्वतःला तोलून धरते.

तथापि, कमानीचा दाब केवळ खाली जात नाही, तो बाजूंनाही ढकलतो. काठ मऊ मातीचे असतील तर ते हळूहळू सरकतात आणि कमान मध्यभागी उघडू लागते. म्हणूनच दरीतील खडकाळ काठ हे कमानीच्या पुलाला वरदान ठरतात. सह्याद्रीचा काळा कातळ हाच पाया आणि तोच बाजूंचा आधार होतो. जुन्या कारागिरांनी पुलाच्या जागेची निवड केली ती वाटेच्या सोयीपेक्षा कातळाच्या सोयीने केली असली पाहिजे, असे अशा जागी उभे राहिल्यावर वाटते.

हे तत्त्व वर्गात समजावून देण्यास विशेष साहित्य लागत नाही. एक घमेले पालथे घालावे. ओल्या मातीच्या पाचरीच्या आकाराच्या विटा करून सुकवाव्यात आणि घमेल्यावरून त्यांची एक ओळ कमानीसारखी रचावी. दोन्ही टोकांना एकेक जड धोंडा टेकवून घमेले अलगद काढून घ्यावे. कमान उभी राहते व वर पाटी ठेवली तरी ढळत नाही. मग एका बाजूचा धोंडा बोटभर मागे सारावा. क्षणार्धात काय होते हे पाहिलेला विद्यार्थी पुलाच्या काठाचे महत्त्व जन्मभर विसरणार नाही.

पाण्याचा मारा

पुलाच्या खांबांची प्रवाहाकडील बाजू टोकदार केलेली असते. नावेच्या नाळेप्रमाणे ती पाणी दुभंगते. त्यामुळे लोंढ्याचा थेट धक्का कमी होतो आणि वाहून आलेली झाडे आडवी न अडकता कमानीतून निसटून जाण्याची शक्यता वाढते. झाडाचे एक मोठे खोड आडवे अडकले की त्यामागे पालापाचोळा साचतो, कमानीचे तोंड बुजते, पाणी मागे तुंबते आणि मग पुलाला नदीचे नव्हे तर जणू धरणाचे पाणी रेटावे लागते. जुन्या पुलांवरील अनेक संकटांचा आरंभ अशा एखाद्या ओंडक्यापासून होतो.

याहून गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाही. खांबाला वळसा घालताना पाण्याचा वेग वाढतो, भोवरे उठतात व पायालगतचे दगडगोटे उचलले जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते लोटू शकेल अशा दगडाचे वजन सुमारे चौसष्ट पट होते, असा जलशास्त्राचा एक जुना नियम आहे. उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यात वाळूही न हलविणारी नदी श्रावणात धोंडे का गडगडवते, याचे उत्तर त्यात आहे. पाया कातळावर असेल तर ही झीज सावकाश होते. पाया गाळावर किंवा मुरमावर असेल तर एका पुरात खांबाखालची जागा पोकळ होऊ शकते. पूर ओसरताना तोच गाळ पुन्हा त्या खळग्यात बसतो. नंतर पाहणी करणाऱ्यास सर्व काही जागच्या जागी दिसते.

सावित्रीवरील दुर्घटना

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानीचा पूल पुराच्या लोंढ्यात वाहून गेला. तो १९२८ मध्ये बांधलेला होता. राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या व इतर वाहन अंधारात नदीत कोसळले आणि चाळीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, पुलाची पाहणी झाली होती व तीत धोका आढळला नव्हता, असे शासनातर्फे त्या वेळी सांगण्यात आले होते. नवा पूल १६५ दिवसांत उभारण्यात आला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्नही या दुर्घटनेनंतर ऐरणीवर आला.

पार आणि महाड यांमधील अंतर फार नाही. एकाच जुन्या वाटेने ही दोन गावे जोडलेली होती व दोन्ही नद्या एकाच डोंगरावरून येतात. एका नदीवरचा शिवकालीन मानला जाणारा पूल उभा आहे आणि दुसरीवरचा, नव्वद वर्षेही न झालेला, वाहून गेला. यावरून जुने ते सारे भक्कम व नंतरचे ते सारे कच्चे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. दुर्घटनेनंतरच्या दिवसांत तो अनेकांनी काढलाही. परंतु ही तुलना न्याय्य नाही. पार येथे नदी उगमाजवळची, पात्र कातळाचे आणि वाहतूक गावापुरती. महाडजवळ नदी डोंगर उतरून आलेली, पाणलोट कितीतरी मोठा आणि वर राष्ट्रीय महामार्गाची अहोरात्र रहदारी. शिवाय, जे जुने पूल पडले ते आज आपल्याला दिसत नाहीत. जो टिकला त्याचेच कौतुक होते.

घ्यावयाचा बोध निराळा आहे. दगडी पूल कोसळण्यापूर्वी फारशी सूचना देत नाही. लोखंडी पूल वाकतो, गंजतो, कुरकुरतो. कमान शेवटपर्यंत भरभक्कम दिसते. म्हणून तिची पाहणी रस्त्यावरून चालत जाऊन होत नाही. ती खाली उतरून, पायापाशी, हाताने चाचपून करावी लागते आणि एकदा नव्हे, दोनदा करावी लागते. मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असताना पाया पाहावयाचा आणि पावसाळा संपल्यावर, पुराने काय नेले ते पाहावयाचे. सखल प्रदेशातील नद्यांत पायाशी उन्हाळ्यातही पाणी असते. तेथे पाणबुड्यांकडून व उपकरणांनी तपासणी करवून घेणे अभियंत्यांचे काम आहे. पारसारख्या ठिकाणी मात्र पात्रातील कातळावरून खांबापर्यंत जाता येते. ही सोय वाया घालवू नये.

दुरुस्तीतील चुका

जुन्या दगडी कामात सांधे चुन्याने भरण्याची रीत होती. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करावयाचा, तो पाण्यात विरवावयाचा आणि वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळावयाचा, ही प्रक्रिया वेळखाऊ होती. चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. तो दगडापेक्षा मऊ राहतो, हा त्याचा दोष नसून गुण आहे. उन्हाळ्यात दगड प्रसरण पावतो, थंडीत आकुंचन पावतो, एखादा खांब केसभर बसतो. ही हालचाल चुन्याचा सांधा सोसतो. आत मुरलेले पाणीही त्यातून बाहेर पडते.

आज दुरुस्ती म्हटली की सिमेंटची गोणी पुढे येते. सांधे सिमेंटने लिंपले की पूल नवा दिसू लागतो, देयकही लवकर निघते. पण सिमेंटचा कडक थर हालचाल सोसत नाही, त्याला बारीक चिरा पडतात, त्या चिरांतून पाणी आत जाते आणि बाहेर येऊ शकत नाही. पाच-सात पावसाळ्यांत आतला चुना धुपून जातो व बाहेरचे सिमेंट दगडाच्या कडा घेऊन सुटते. दुरुस्ती करावयाची तर ती चुन्यानेच, आणि पुरातत्त्व विषयाच्या जाणकाराच्या सल्ल्याने करावी. ‘काहीतरी केले पाहिजे’ या भावनेने केलेल्या कामापेक्षा काही काळ काहीच न करणे पुष्कळदा अधिक हिताचे असते.

दुसरी चूक रस्त्याच्या थरांची. दर काही वर्षांनी पुलावर खडी-डांबराचा नवा थर चढतो. जुना थर खरवडला जात नाही. कमानीवरचे ओझे वाढत जाते, कठड्यांची उंची कमी होत जाते आणि पाणी वाहून नेणारी भोके थराखाली गाडली जातात. मग पुलावरचे पाणी वाट काढते ते सरळ कमानीच्या पोटात. कमानीच्या खालच्या अंगाला पांढरे ओघळ दिसू लागले की आतला चुना विरघळून येत आहे असे समजावे.

तिसरा शत्रू वनस्पती. पिंपळाचे अथवा वडाचे रोप सांध्यात रुजते तेव्हा बोटाएवढे असते व कोवळ्या हातानेही उपटता येते. तीन वर्षांनी त्याच्या मुळ्या दगड सारू लागतात. मोठे झालेले झाड मात्र ओढून काढू नये. मुळांबरोबर दगड निघतो. ते कापून, मूळ जागीच मारण्याचे काम तज्ज्ञाकडून करवावे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पुलावरील कोवळी रोपे काढण्यास दहा माणसांचा एक दिवस पुरतो. या एका दिवसाने जो खर्च वाचतो त्याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पंचायत आणि शाळा यांचे काम

भारतीय संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत. त्यांतील तेरावा विषय रस्ते, मोऱ्या, पूल, नौघाट व जलमार्ग यांचा आहे. याचा अर्थ ग्रामपंचायतीने पुलाची रचनात्मक तपासणी करावी असा नव्हे. ते अभियंत्यांचे काम आहे. परंतु अभियंता वर्षातून एकदोनदा येतो, गाव मात्र रोज पुलावरून जाते. पाण्याचा रंग बदलला, कमानीतला एखादा दगड खाली आला, कठडा एका अंगाला कलला, हे प्रथम गावालाच कळते. हे कळलेले कागदावर यावे, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी ग्रामपंचायत कार्यालयात पुलाची स्वतंत्र वही असावी. पुराचे पाणी कोणत्या तारखेस कोणत्या दगडापर्यंत चढले, किती तास राहिले, ओंडके कोणी व केव्हा काढले, कोणती अवजड वाहने गेली, याच्या चार ओळी पुरेत. दहा वर्षांची अशी वही एखाद्या लांबलचक अहवालापेक्षा अभियंत्याच्या अधिक उपयोगी पडते.

चीर दिसली तर ती जुनी की वाढती, हा पहिला प्रश्न असतो. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावी व तारीख लिहावी. चीर वाढली तर काच तडकते. ही पद्धत जुनी, स्वस्त आणि निःसंदिग्ध आहे. काच तडकलेली दिसताच वाहतूक थांबवून बांधकाम विभागास लेखी कळवावे. सभेची वाट पाहू नये. त्याचप्रमाणे पुलाच्या वरच्या-खालच्या अंगाला पात्रातून दगड-वाळू काढण्यास गावाने कोणत्याही कारणास्तव संमती देऊ नये. पात्र खोल गेले की पाया उघडा पडतो.

शाळांच्या सहली प्रतापगडावर येतातच. शिक्षकांनी त्यातले दोन तास पारसाठी राखून ठेवल्यास इतिहास, भूगोल व विज्ञान हे तिन्ही विषय एका ठिकाणी शिकविता येतात. मुलांनी दोरीने कमानीची रुंदी मोजावी, ओळंबा सोडून उंची काढावी, पुराची खूण शोधावी, कोणत्या दगडावर टाकीचे घाव अजून दिसतात ते पाहावे. १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनानगर येथे झालेल्या विनाशकारी भूकंपाचे धक्के या जिल्ह्यात सर्वत्र जाणवले होते. तो प्रसंग आठवणारी वडीलधारी माणसे गावोगाव अजून आहेत. त्यांना मुलांसमोर बोलते करावे.

पाहण्यास येणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात हे खोरे अतिशय सुंदर दिसते. नेमके तेव्हाच पुलावर गर्दी करणे धोक्याचे आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल वापरण्यास धोकादायक असल्याचे आधीच ठाऊक होते. फलक लावून गर्दी हटत नाही, हे तेथे दिसून आले. सुट्टीच्या दिवशी पुलाच्या दोन्ही तोंडांशी माणूस उभा करणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. घाटरस्त्याचाही विचार करावा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. अशा वेळी जुना पूल पाहुण्यांसाठी प्रेक्षणीय स्थळ असला तरी खोऱ्यातील रहिवाशांसाठी तो दवाखान्याकडे आणि बाजाराकडे जाण्याची वाट असतो.

पूल पाहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. पाणी निवळलेले असते, कातळ उघडा पडलेला असतो आणि दुपारनंतरची उन्हे कमानीच्या आत शिरून दगडांचे सांधे स्पष्ट दाखवितात. वाहन पुलावर नेऊ नये, काठाशी उभे करावे. कठड्यावर चढू नये, दगडावर नावे कोरू नयेत. खाली उतरताना शेवाळलेल्या दगडांपासून जपावे आणि सोबत गावातील कोणी जाणता असल्यास, गेल्या पावसाळ्यात पाणी कोठवर आले होते, ते त्याला अवश्य विचारावे.